आर्मेनियातले ‘हिंदू’ आणि १९१५ चं तथाकथित कर्मफळ

आत्यानं घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. तिच्या भजनी मंडळातून फिरत आलेला, वर ‘दडवलेला इतिहास, जरूर पुढे पाठवा’. म्हणणं थोडक्यात असं: इ.स.पू. १४९ मध्ये गिसाने (म्हणे कृष्ण) आणि दिमेत्र हे दोन भारतीय राजपुत्र आर्मेनियात गेले. तिथे त्यांनी हिंदू नगरं आणि मंदिरं उभी केली. इ.स. ३०१ मध्ये आर्मेनियाच्या राजानं ख्रिस्ती धर्म घेतला आणि लाखो हिंदू कापले. गार्नीचं देऊळ हा त्याचा उरलेला पुरावा, आर्मेनियन लिपी ब्राह्मीतून निघाली. आणि शेवटी, ‘१९१५ मध्ये तुर्कांकडून त्यांना जे मिळालं ते याच पापाचं फळ.’

त्या शेवटच्या ओळीखाली नमस्काराचे हात जोडणारी माणसं पाहून राग आला, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

१९१५ मध्ये काय ‘मिळालं’? २४ एप्रिलला इस्तंबूलमध्ये आर्मेनियन लेखक, डॉक्टर, शिक्षक, पत्रकार, पुढारी यांची धरपकड सुरू झाली. त्यानंतर हद्दपारीचा कायदा आला आणि अनातोलियातली गावंच्या गावं सीरियाच्या वाळवंटाकडे, देर-एझ-झोरकडे पायी हाकलली गेली. पुरुषांना बहुतेक ठिकाणी आधीच वेगळं काढून मारलं होतं. वाटेत मेल्या त्या बायका, मुलं, म्हातारी माणसं. किमान सहा लाख, आर्मेनियन लोकांच्या मते पंधरा लाख. हे पाप-पुण्यानं घडलं नाही. पहिल्या महायुद्धात रशियाकडून मार खाल्लेल्या ऑटोमन सरकारनं आपल्याच प्रजेला शत्रू ठरवलं. गृहमंत्री तलात पाशाला पुढे १९१९ मध्ये इस्तंबूलच्याच लष्करी न्यायालयानं, तो पळून गेलेला असताना, फाशीची शिक्षा सुनावली.

आता मेसेजवाल्यांचीच गोष्ट क्षणभर खरी धरू. ती घडते तारोन प्रांतात, म्हणजे वान सरोवराच्या पश्चिमेला, आजच्या तुर्कस्तानातल्या मूशच्या परिसरात. त्या गोष्टीप्रमाणे ख्रिस्ती फौजेशी झालेल्या लढाईनंतर उरलेल्यांचा बाप्तिस्मा झाला आणि ते तिथेच राहिले. म्हणजे त्या ‘हिंदूंचे’ वंशज कोण? तारोनचे आर्मेनियन. आणि १९१५ च्या जुलैमध्ये मूश आणि भोवतालच्या गावांतल्या आर्मेनियनांची कत्तल झाली. ज्यांच्यावर अन्याय झाला म्हणून तुम्ही गळा काढता, त्यांच्याच वंशजांच्या मरणाला तुम्ही न्याय म्हणताय. मेसेज लिहिणाऱ्याला एवढंही सुचलं नाही.

दानियेल वारुजानचं नावही त्याला ठाऊक नसणार. हा कवी १९१२ मध्ये ख्रिस्तपूर्व आर्मेनियाच्या आठवणींनी भारलेल्या कवितांचा संग्रह काढतो, वाहाग्न या जुन्या देवाला साद घालतो. देवळं पाडल्याची खंत कुणाला असेल तर ती त्याला होती. २४ एप्रिलच्या धरपकडीत तोही होता आणि ऑगस्ट १९१५ मध्ये त्याला चांकरीजवळ मारण्यात आलं. एकतीस वर्षांचा होता. त्याच धरपकडीत कोमितास या पाद्र्यालाही नेलं होतं. खेडोपाडी फिरून हजारो लोकगीतं टिपून ठेवणारा हा माणूस जिवंत परतला, पण मनानं कायमचा मोडला; १९३५ मध्ये पॅरिसच्या मनोरुग्णालयात वारला. यातलं कुणाचं कर्म फळाला आलं, ते मेसेज पाठवणाऱ्यांनी सांगावं.

आता राजपुत्रांची गोष्ट. ती व्हॉट्सअ‍ॅपवर जन्मली नाही, एवढं मान्य करावं लागेल. झेनोब ग्लाक या नावावर चालणाऱ्या ‘तारोनचा इतिहास’ या जुन्या आर्मेनियन ग्रंथात ती खरोखर आहे. योहानेस आवदाल या कोलकात्याच्या आर्मेनियन विद्वानानं ती १८३६ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात इंग्रजीत आणली आणि तिथून ती आपल्याकडे फिरते आहे. पण झेनोब स्वतःला चौथ्या शतकातला साक्षीदार म्हणवतो आणि गडबड तिथेच आहे. लेव्हॉन आवदोयान यांनी १९९३ मध्ये या ग्रंथाचा भाषांतरासह सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की हा मजकूर दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात रचलेला आहे, म्हणजे सांगितलेल्या घटनेनंतर सहाशेहून अधिक वर्षांनी. तारोनच्या एका मठाचा मोठेपणा त्यातून वाढवायचा होता. त्याहून कितीतरी जुना, पाचव्या शतकातला इतिहासकार अगाथान्गेलोस तारोनमधल्याच अश्तिशातच्या देवळांचं वर्णन करतो. त्याच्याकडे देव आहेत वाहाग्न, अनाहित आणि अस्तघिक. गिसानेचा पत्ता नाही. शिवाय दिमेत्र हे नाव ग्रीक देवतेचं. भारतातून पळालेल्या राजपुत्राला ते कुठून मिळालं?

लाखो हिंदू मारल्याचं तर त्या ग्रंथातही नाही. त्यातली लढाई एका प्रांतातल्या काही गावांची आहे.

देवळं पाडली का? हो, पाडली, आणि अगाथान्गेलोस ते अभिमानानं सांगतो. राजा त्रदात आणि त्याला ख्रिस्ती करणारा धर्मगुरू ग्रिगोर यांनी जुने देव बळानं हटवले, हे कुणी नाकारत नाही. पण ते देव मुख्यतः इराणी वळणाचे होते. अरामाज्द म्हणजे आपल्या पारशी मंडळींचा अहुरमज्द. वाहाग्नचं नातं वृत्रहन् इंद्राशी लागतं, पण तेही इराणवरून गेलेलं, आणि मूळ सामाईक वारसा त्याहून फार जुना. ‘आर्मेनियात हिंदू धर्म होता’ असं त्यावरून म्हणता येत नाही.

गार्नी: २४ खांबांचं, सरळसरळ ग्रीक-रोमन धाटणीचं बांधकाम. फोटो पाहिला तरी कळतं. १६७९ च्या भूकंपात पडलं, विसाव्या शतकात पुन्हा उभारलं.

लिपी: मेस्रोप माश्तोत्स या धर्मपंडितानं इ.स. ४०५ च्या सुमारास तयार केलेली, ३६ अक्षरांची. अक्षरांचा क्रम बराचसा ग्रीक वर्णमालेला धरून आहे. ब्राह्मीसारखी स्वरमात्रांची पद्धत तिच्यात नाही, स्वरांना स्वतंत्र अक्षरं आहेत. भाषा संस्कृतच्या मोठ्या कुळातली आहे खरी, पण स्वतंत्र शाखा आहे. हाइनरिश ह्युब्शमान या जर्मन भाषाशास्त्रज्ञानं ते १८७५ मध्येच दाखवून दिलं.

आर्मेनियाला पिनाक रॉकेट यंत्रणा विकल्यापासून आपल्याकडे त्या देशाबद्दल जिव्हाळा वाढला आहे, ते चांगलंच आहे. त्यासाठी खोटा इतिहास लागत नाही. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक ‘अझ्दारार’ १७९४ मध्ये चेन्नईत निघालं, हारुत्युन श्माव्होन्यान या पाद्र्यानं ते काढलं. मुंबईच्या फोर्टात मेडोज स्ट्रीटवर १७९६ चं आर्मेनियन चर्च आहे. आत्याला मी या दोन्हींची माहिती पाठवली आहे आणि तो मेसेज मंडळाच्या ग्रुपवरून काढून टाकायलाही सांगितलं आहे.