सलाईनच्या पिशवीतलं ‘विष’: फॉरवर्डचा एकेक मुद्दा

‘सलाईनची पिशवी, नळ्या, सिरिंज, सगळं विषारी प्लास्टिक. ते रक्तात उतरतं, कॅन्सर होतो. काचेच्या बाटल्याच बऱ्या होत्या. डॉक्टरांना ठाऊक आहे, पण बोलत कुणी नाही. सलाईन लावून घेऊच नका.’ हा मजकूर सध्या जोरात फिरतोय. त्यात थोडं खरं आहे, म्हणून तर तो पटतो.

‘सगळं विषारी.’ सिरिंज सहसा पॉलिप्रोपिलीनची असते, तिच्यात मऊपणासाठी काही घालावं लागत नाही. पिशव्या-नळ्यांच्या पीव्हीसी या प्लास्टिकचं तसं नाही. ते मुळात कडक. पिशवी किंवा नळी लवचीक व्हावी म्हणून त्यात डीईएचपी नावाचं तेलकट द्रव्य मिसळतात, तेही वजनाच्या ३० ते ४० टक्क्यांपर्यंत. ते प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं, त्यामुळे पाझरतं.

‘रक्तात उतरतं.’ उतरतं, पण किती, ते पिशवीत काय भरलंय यावर. डीईएचपी पाण्यात जेमतेम विरघळतं, स्निग्ध पदार्थात मात्र सहज. म्हणजे साध्या मिठाच्या पाण्यात नाममात्र. रक्तात आणि शिरेतून दिल्या जाणाऱ्या स्निग्ध पोषणात बरंच जास्त. पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरच्या औषधाचा नेहमीचा द्रावक तर पीव्हीसीतलं डीईएचपी अक्षरशः ओढून काढतो. म्हणून ते पीव्हीसीच्या पिशवीतून देऊ नये, अशी सूचना त्याच्या माहितीपत्रकातच असते.

रक्तपेढीत प्रकरण आणखी गुंतागुंतीचं होतं. पाझरलेलं डीईएचपी लाल पेशींच्या आवरणात शिरतं आणि त्यांचं फुटणं कमी करतं! पोषक द्रावण घालून पेशी ४२ दिवस टिकवतात, त्यात त्याचाही हात आहे. डीईएचपीच्या जागी येणाऱ्या द्रव्यांनाही पेशी अशाच टिकवून दाखवाव्या लागतात.

‘कॅन्सर होतो.’ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डीईएचपीला ‘२बी’ गटात ठेवलंय: शक्यता आहे, माणसात सिद्ध झालेलं नाही. माझ्या मते फॉरवर्ड भलत्याच जागी घाबरवतो. खरी काळजी अतिदक्षता विभागातल्या नवजात मुलग्यांची. इवलंसं शरीर, एकाच वेळी अनेक नळ्या, आणि नर प्राण्यांच्या वृषणांच्या वाढीवर दिसलेले दुष्परिणाम.

‘बोलत कुणी नाही.’ अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००२ मध्येच या बाळांबाबत जाहीर सूचना काढली होती. युरोपीय संघाच्या नियमानुसार शरीरात जाणाऱ्या किंवा औषध-रक्त वाहून नेणाऱ्या साधनांत डीईएचपीसारखं द्रव्य ०.१ टक्क्याहून जास्त असेल, तर उत्पादकाला कारण द्यावं लागतं आणि लेबलवर तसं लिहावं लागतं.

काचेचं म्हणाल, तर ती फुटते, आणि बाटली रिकामी होताना आत हवा सोडावी लागते. ती शिरेत गेली तर जिवावर बेतू शकतं. पिशवी आपोआप आकसते. शिवाय जोडलेल्या पिशव्यांमुळे रक्ताचे घटक बाहेरची हवा न लागता वेगळे करता येतात.

राहिला सल्ला. शरीरातलं पाणी कमी झालेल्या रुग्णाने सलाईन नाकारणं हा निव्वळ आडमुठेपणा. बाळ अतिदक्षता विभागात असेल, तर डीईएचपी नसलेल्या नळ्या आहेत का, हे जरूर विचारा. अनेक वेष्टनांवर ‘पीएचटी’ अक्षरांची खूण असते. तिच्यावर फुली असेल तर आत थॅलेट, म्हणजे डीईएचपी ज्या गटातलं आहे ती द्रव्यं, नाहीत.