मी, म्हणजे अधिक

परवा सकाळी साडेअकराच्या सुमारास प्राचार्यांनी मला दालनात बोलावले आणि एखाद्याच्या प्रकृतीची चौकशी करावी तितक्या सौम्य आवाजात विचारले, "मॅडम, आज तुम्ही त्रेचाळीस मिनिटे फोनवर होतात. घरी सगळे ठीक आहे ना?" 29 वर्षांच्या नोकरीत माझ्या बोलण्याची मिनिटे कोणी मोजली नव्हती. ती मोजता येतील अशी सोय आमच्या महाविद्यालयात होऊन तेव्हा जेमतेम नऊ दिवस झाले होते, आणि ती सोय बसवली जात असताना अख्खी दुपार तिच्याजवळ उभी राहिलेली मीच होते.

सोय म्हणजे टेबलावरच्या फोनच्या उजव्या अंगाला जोडायचा बटणांचा फलक. त्यावर 20 बटणे असतात, प्रत्येक बटणाच्या शेजारी छोट्या पडद्यावर नाव उमटते, आणि खालचे पान बदलण्याचे बटण दाबले की तीच 20 बटणे दुसऱ्या 20 जणांची होतात. प्राचार्यांनी दुसऱ्या एका महाविद्यालयात तो पाहिला आणि दोन मागवले, एक स्वतःसाठी व एक कार्यालय अधीक्षक म्हणून माझ्यासाठी. मला विचारले गेले नाही. विचारले असते तर मी सांगितले असते की महाविद्यालयातील 38 अंतर्गत क्रमांक माझ्या डोक्यात आहेत, त्यांना वीज लागत नाही आणि त्यांचे पान बदलावे लागत नाही.

फलक बसवायला आलेला मुलगा चोवीस-पंचवीस वर्षांचा, कामात तरबेज आणि स्वभावाने गरीब होता. फोनचा स्टँड काढायचा, फोन आणि फलक पाठीमागून एका पट्टीने दोन स्क्रूंवर जोडायचे, आखूड वायरीचे एक टोक फोनमध्ये व दुसरे फलकात खोचायचे, एवढेच ते काम होते. अर्ध्या तासात तो मोकळा झाला असता. परंतु त्याने खोके उघडायला घेतले आणि दारात आमचे भांडारपाल, काखेत टिकाऊ वस्तूंची जडसंग्रह नोंदवही घेऊन, उभे राहिले.

"थांबा," ते म्हणाले. "नोंद झाल्याशिवाय वस्तू वापरात घेता येत नाही. हे काय आहे?"

"फोनला जोडायची जादा बटणे आहेत, भाऊसाहेब," मी म्हणाले.

"म्हणजे सुटा भाग की जोडभाग?"

"त्याने काय फरक पडतो?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडे दुःखाने पाहिले. "मॅडम, सुटा भाग असेल तर उपभोग्य साहित्यात जाईल. जोडभाग असेल तर मूळ फोनच्या नोंदीत वाढ दाखवावी लागेल. स्वतंत्र वस्तू असेल तर जडसंग्रहात नवीन अनुक्रमांक पडेल. तुम्ही सांगाल तसे. पण सही तुमची लागेल." मग त्यांनी त्या मुलाला विचारले, "हे एकटे चालते का?"

"नाही सर. फोन नसेल तर यात काहीच चालत नाही."

"म्हणजे स्वतंत्र नाही."

"पण बिल वेगळे आहे सर."

"म्हणजे स्वतंत्र आहे."

यानंतर बराच वेळ कोणी काही बोलले नाही. शेवटी भाऊसाहेबांनी पेन टेबलावर ठेवले आणि गंभीरपणे विचारले, "मॅडम, जे एकटे काहीच करू शकत नाही, पण ज्याचे बिल वेगळे येते, असे या महाविद्यालयात आधी काही आलेले आहे का? म्हणजे त्या धर्तीवर नोंद करता येईल." माझ्या डोळ्यांसमोर एकदोन माणसे उभी राहिली, परंतु ती जडसंग्रहात येत नाहीत म्हणून मी गप्प बसले.

अखेर नवीन अनुक्रमांक द्यायचे ठरले. फलक एक, पट्टी एक, स्टँड एक, वायर एक, स्क्रू दोन, अशी प्रत्येक वस्तू हातात घेऊन, उलटसुलट पाहून ते लिहीत गेले. स्क्रू लिहून झाल्यावर त्यांतील एक टेबलाखाली गेला. तो सापडेपर्यंत पुढचे काम होणार नाही असे त्यांनी जाहीर केले आणि ते स्वतः, सेवानिवृत्तीला आठ महिने उरलेला मनुष्य, गुडघ्यांवर बसून माझ्या टेबलाखाली शिरले. तेथून त्यांना स्क्रू मिळाला, शिवाय 2016 साली हरवलेला म्हणून नोंदलेला एक स्टेपलर मिळाला, आणि त्या आनंदात चहा झाला.

चहानंतर वीजपुरवठ्याचा प्रश्न निघाला. आमचे फोन ज्या वायरीवरून बोलतात त्याच वायरीवरून वीजही घेतात. मुलाने मोठ्या हौसेने समजावून सांगितले की ठरलेल्या तांत्रिक मानकानुसार स्विचच्या, म्हणजे सगळ्या फोनांच्या वायरी जिथे येतात त्या पेटीच्या, एका पोर्टातून 15.4 वॉट सोडले जातात आणि वायरीतील घट धरता फोनपाशी 12.95 वॉट हमखास मिळतात.

भाऊसाहेबांनी वहीच्या कोपऱ्यात वजाबाकी केली. "मग दोन पूर्णांक पंचेचाळीस वॉट गेले कुठे?"

"वायरीत सर. तांबे थोडे गरम होते, त्यात जातात."

"रोज?"

"हो सर."

"आणि याची नोंद कोण ठेवतो?"

त्या मुलाने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले. आपण इतकी वर्षे वहीत न धरलेली तूट सोसत आहोत हे कळल्यावर भाऊसाहेब जे खचले ते त्या दिवशी पूर्ण सावरले नाहीत. दरम्यान असे निघाले की आमच्या जुन्या स्विचकडे सर्व पोर्टांना मिळून पुरेसे वॉट नाहीत, त्यामुळे फलकाला वेगळा अॅडाप्टर लावावा लागेल. भिंतीवरच्या एकुलत्या प्लगवर सरस्वतीच्या तसबिरीसमोरचा विजेचा दिवा होता. तो काढला गेला. विद्येच्या देवतेचा दिवा विझवून विद्यालयाच्या फोनची बटणे उजळली, यावर मी टीका करीत नाही. नवीन बोर्डासाठी केलेला माझा अर्ज त्याच दिवसापासून लेखा शाखेत आहे.

खरा घाव शेवटी बसला. आमच्या भांडारातील प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या ऑइल पेंटने क्रमांक घालण्याची प्रथा आहे. मुलाने हात जोडून सांगितले की क्रमांक मागच्या बाजूला घाला. भाऊसाहेब म्हणाले, "मागे घातला की पडताळणीच्या दिवशी वस्तू उलटी करून दाखवावी लागते. एकदा आम्ही कपाट उलटे केले आहे. आतल्या फायली बाहेर काढायला सांगायचे राहून गेले होते." त्या आठवणीपुढे कोणाचे काही चालले नाही. त्यांनी बारीक ब्रशाने, जीभ किंचित बाहेर काढून, पडद्याच्या खालच्या कडेला सुबक क्रमांक घातला, आणि शेवटच्या आकड्याचा एक ओघळ शांतपणे उतरून पान बदलण्याच्या बटणाच्या फटीत गेला.

"वाळला की निघेल," भाऊसाहेब म्हणाले. वाळला, आणि निघाला नाही.

यानंतर नावे भरायची होती. या पडद्याला देवनागरी येत नाही. मुलाने मराठीत नावे भरली तेव्हा सगळीकडे सारखे चौकोन उमटले, आणि क्षणभर महाविद्यालयात खरी समानता आली. मग रोमन लिपीत भरली, तर आधी अंतर्गत क्रमांक आणि उरलेल्या जागेत पाच अक्षरे, असा हिशेब निघाला. सहाव्या अक्षरापासून पुढचे सगळे कापले जाते. लेखापालांचे लेखा झाले, ते ठीक. आस्थापना शाखेची आस्था झाली, जिचा तेथे गेलेल्या कोणालाही अनुभव नाही. ग्रंथालयाचे ग्रांट झाले, आणि ग्रंथपाल गेली काही वर्षे दुसरे काही बोलत नसल्यामुळे तेही शोभले. भांडाराचे भांड झाले, जे मी अद्याप भाऊसाहेबांना दाखवलेले नाही. आणि प्राचार्यांच्या फलकावर, वरून दुसऱ्या बटणापाशी, अधीक्षक या शब्दाची पहिली पाच रोमन अक्षरे उमटली. मी अधिक झाले. अधिक महिना निदान पावणेतीन वर्षांनी एकदा येतो आणि त्यात जावयाला अनारसे तरी मिळतात. हे अधिक रोज दहा ते साडेपाच येते आणि त्याला कोणी काही वाढत नाही.

तरीही नावाचे सोसले असते. न सोसणारी गोष्ट म्हणजे दिवा. प्रत्येक बटणाशेजारी एक दिवा आहे. तो माणूस मोकळा असेल तर हिरवा, त्याचा फोन वाजत असेल तर लाल लुकलुकणारा, आणि तो बोलत असेल तर स्थिर लाल. फलकाला स्वतःला यातले काही दिसत नसते. फोन आपल्या एक्स्चेंजकडे एकेका क्रमांकाची वर्गणी भरल्यासारखी मागणी नोंदवतो की या माणसाचे काही बदलले तर मला कळवा, आणि एक्स्चेंज कळवत राहते. वर्गणीला मुदत असते, ती संपण्याआधी पुन्हा नोंदवावी लागते, आणि नूतनीकरणात चूक झाली तर दिवा शेवटची शिळी बातमी घेऊन बसतो. हे ऐकताना मला मासिकाच्या वर्गणीसारखे निरुपद्रवी वाटले होते. वर्गणी माझी भरली जात आहे आणि अंक प्राचार्यांच्या टेबलावर पडत आहे, हे मला परवा साडेअकरा वाजता कळले.

स्ट्रॉजर नावाचा एक अमेरिकन गृहस्थ प्रेते पुरण्याचा व्यवसाय करीत असे. टेलिफोन जोडून देणारी बाई आपली गिऱ्हाइके मुद्दाम प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय होता असे सांगतात. त्या संशयापायी त्याने बाई मधून काढून टाकणारे स्वयंचलित एक्स्चेंज शोधले आणि 1891 साली त्याचे पेटंट मिळवले. आमच्या मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज त्याच्या नऊ वर्षे आधी, 1882 साली, सुरू झाले होते. संशय खरा होता की नाही, हे मी सांगू शकत नाही. मात्र मधे बसलेल्या बाईला सगळ्यांचे सगळे ठाऊक असते ही जी धास्ती होती, ती काही निराधार नव्हती. मला ठाऊक होते. 121 वर कोण किती वाजता दालनात नसतात, 133 ला दुपारी दोन ते अडीच का करू नये, वसतिगृहाचा 144 रेक्टरांच्या खोलीत न वाजता भटारखान्यात वाजतो आणि आचारी उचलतो, हे सगळे माझ्याकडे होते आणि मी ते कोणाला सांगत नव्हते. आता दिवे सांगतात. फक्त आचारी फोन उचलतो हे दिव्याला समजत नाही, आणि भात झाला की नाही हे तर मुळीच समजत नाही.

आता त्या 43 मिनिटांविषयी. ओघळ वाळल्यापासून माझा फलक दुसऱ्या पानावर अडकला होता. दुसऱ्या पानावर जिमखाना, वसतिगृह, सायकल स्टँड आणि पंपाची खोली आहे. प्राचार्य, उपप्राचार्य आणि सर्व विभागप्रमुख पहिल्या पानावर आहेत, म्हणजे माझ्यापुरते नव्हते. म्हणून परवा सकाळी मी विक्रेत्याच्या मदत क्रमांकाला फोन केला. तेथे आधी संगीत लागले, मग माझा फोन त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा असल्याचे एका बाईने सांगितले, मग पुन्हा संगीत लागले, आणि हे मी मोजले नाही, कारण मोजण्याचे काम पलीकडच्या दालनात भिंतीवरच्या घड्याळावर चालू होते. शेवटी आलेल्या माणसाने माझी तक्रार ऐकून घेतली आणि सांगितले, "मॅडम, पान बदलायचे बटण दाबून पाहा." मी त्याला ओघळाचे सांगितले. बाहेरून रंग लागलेला असल्यास हमी लागू होत नाही, असे तो म्हणाला. एवढ्यात दालनातून बोलावणे आले.

मी प्राचार्यांना सर्व काही, ओघळासह, सांगितले. ते हसले. मनुष्य वाईट नाही. ते म्हणाले, "अच्छा, मग ठीक आहे. पण पुढच्या वेळी असे मोठे काम असेल तर स्वतःच्या मोबाइलवरून करा. काय आहे, दिवा लाल दिसला की उगीच लक्ष तिकडे जाते." म्हणजे महाविद्यालयाच्या फोनच्या दुरुस्तीसाठी मी माझ्या पैशांनी भरलेल्या मोबाइलवरून बोलावे, म्हणजे साहेबांचे लक्ष विचलित होणार नाही. मी "हो सर" म्हणाले. बाहेर येऊन काय म्हणाले ते येथे लिहिण्यासारखे नाही. माझ्या टेबलापासून त्यांच्या दारापर्यंत बारा पावले आहेत, आणि मी फोनवर आहे का हे पाहण्यासाठी आजवर ते दार उघडून पाहत असत. तेव्हा मी त्यांना हाताने खूण करीत असे की दोनच मिनिटे. दिव्याला खूण करता येत नाही.

काल भाऊसाहेबांनी भांडारातून थिनर पाठवले, 50 मिलिलिटर, उपभोग्य, उरलेले परत करावे अशा शेऱ्यासह. कापसाच्या बोळ्याने मी बटण पुसले. रंग निघाला, बटणावर छापलेला बाण निघाला, आणि पान बदलू लागले. दहा दिवसांनी पहिल्या पानावरची मंडळी दिसली म्हणून मी थोडी सुखावलेही असेन. इतक्यात उरलेले थिनर न्यायला भाऊसाहेब स्वतः आले, चष्मा वर करून फलकाकडे वाकले आणि म्हणाले, "मॅडम, क्रमांकसुद्धा पुसला गेला की." ब्रश त्यांनी येतानाच आणला होता.