आधी माणसाशी बोला, पान नंतर उडवा

मराठी विकिपीडियावर माणसं टिकत नाहीत असं सगळेच म्हणतात आणि दरवेळी उपाय तोच, अजून एक कार्यशाळा घ्या. घ्या ना, माझा विरोध नाहीच. २७ फेब्रुवारी आला की कॉलेजात लॅब उघडतात, पोरं खाती काढतात, लेख लिहितात, ग्रुप फोटो निघतो. पण पुढच्या आठवड्यात त्यातलं कोण परत आलं हे कुणी बघत नाही, आणि खरं काम तिथूनच सुरू होतं.

होतं काय, एखादी पोरगी आपल्या गावावर लिहिते, 'आमचे गाव अतिशय निसर्गरम्य असून येथील मारुती जागृत आहे.' संदर्भ एकही नाही. ज्ञानकोशात हे चालत नाही, मान्य. पण थोड्या वेळात पानावर पानकाढा साचा, म्हणजे हे पान काढून टाका अशी पाटी लागते, तिच्या चर्चापानावर, म्हणजे सदस्याला निरोप ठेवायच्या पानावर, छापील मजकूर पडतो, विषय संपला. ती कशाला परत येईल? त्याऐवजी कुणी हाताने चार ओळी लिहिल्या की ताई, सुरुवात चांगली केलीत, २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या संदर्भासकट टाका, तालुका-जिल्हा लिहा, 'आमचे' आणि 'निसर्गरम्य' काढू या, देवळाचा फोटो तुम्ही स्वतः काढलेला असेल तर कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या सामायिक साठ्यात चढवा, तर लेखही उभा राहतो आणि माणूसही राहतो.

प्रचालकांना, म्हणजे पानं उडवायचे अधिकार असलेल्या सदस्यांना, दोष देत नाहीये हां मी. ती मंडळी आपापले कामधंदे सांभाळून फुकट राबतात, 'अलीकडील बदल' ही ताज्या संपादनांची यादी उघडली की शिवीगाळ, जातीवरून आणि पक्षांवरून एकमेकांची संपादनं उलटवणं, पेपरातून जसाच्या तसा उचललेला मजकूर, हे सगळं निस्तरायचं. कॉपी-पेस्ट तर लगेच उडवलंच पाहिजे, प्रताधिकाराचा मामला आहे, तिथे दयामाया नको. पण म्हणूनच नवख्यांशी बोलायचं काम त्यांच्या गळ्यात टाकू नका. चर्चापानावर लिहायला कसलेही खास अधिकार लागत नाहीत, जुन्या संपादकांपैकी कुणीही करू शकतो. इंग्रजी विकिपीडियावर नवख्यांना चावू नका असं चक्क लिहून ठेवलंय, तिकडे तर माणसांचा तुटवडा आपल्याएवढा नाही. आपला विकिपीडिया १ मे २००३ चा, वीस वर्षं कधीच उलटली, आणि अजूनही नेहमी दिसणारी नावं तीच ती.

येत्या २७ फेब्रुवारीला जे कुणी कार्यशाळा घेणार असतील त्यांनी नवीन सदस्यनामांची यादी त्याच संध्याकाळी चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर टाका प्लीज, आम्ही वाटून घेऊ आणि एकेकाच्या चर्चापानावर जाऊ.