कर्नल अपडेटचा तो मेसेज: मॉड्यूल्स पुसायच्या आधी हे वाचा

परवा रात्री साडेदहाला दाजींचा फोन. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचं टॉवेलचं युनिट आहे, बिलिंगचा पीसी उबुंटूवर, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्सवर चालतो. म्हणाले, "वायफाय गेलंय, आवाजही नाही. ग्रुपवर आलं होतं तसंच केलं."

ग्रुपवर आलेलं असं: नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) टाकला की जुनी सगळी सॉफ्टवेअर बंद पडतात. म्हणून आधी लिब फोल्डरमधलं मॉड्यूल्सचं (कर्नलला जोडायच्या तुकड्यांचं) फोल्डर रिकामं करा, रिस्टार्ट मारा, मग अपडेट करा. युटिलिटीज, म्हणजे कर्नलसोबत लागणारी छोटी साधनं, कर्नलच्याच नंबरच्या टाका. आणि जुना कर्नल लगेच उडवा.

आधी ते फोल्डर. त्यात प्रत्येक कर्नलचं आपापल्या नंबरचं वेगळं फोल्डर असतं. नवा आला की शेजारी आपली जागा करतो, जुना त्याच्या आड येतच नाही. पुसताय ते चालू कर्नलचे ड्रायव्हर, म्हणजे वायफाय, आवाज चालवणारी मॉड्यूल्स. सुरुवातीपुरते लागणारे ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना मेमरीत चढणाऱ्या छोट्या गठ्ठ्यात, वेगळे ठेवलेले असतात, म्हणून पीसी लॉगिनपर्यंत येतो आणि माणूस फसतो. पुढे वायफाय नाही, आवाज नाही. आता अपडेट उतरवायचं कशावरून, माझ्या डोक्यावरून? लाइव्ह पेनड्राइव्ह लावून (पीसी त्याच्यावरूनच सुरू होतो), सीएचरूट करून, म्हणजे तिथून डिस्कवरच्या उबुंटूत शिरून, मॉड्यूल्सचं पॅकेज परत बसवलं तेव्हा दीड वाजला होता. सकाळी सातला गाडी भरायची होती.

"कर्नलच्याच नंबरच्या युटिलिटीज" हे तर कहरच. कर्नलच्या सोर्ससोबत चेंजेस नावाचं कागदपत्र येतं. कर्नल कंपाइल करायला आणि चालवायला कोणतं साधन किमान कितव्या आवृत्तीचं हवं, ते त्यात लिहिलेलं असतं, तपासायच्या कमांडसकट. 6 नंबरच्या मालिकेतल्या कर्नलसाठी तिथे केमॉड (मॉड्यूल चढवणारं साधन) 13 आहे, ई-टू-एफएस-प्रॉग्ज (डिस्कची फाइल सिस्टिम तपासणारं) 1.41.4 आहे, म्हणजे 2009 सालचं! नंबर जुळायचा प्रश्नच कुठे येतो? शिवाय यातलं सगळं प्रत्येकाला लागत नाही, हेही तिथेच म्हटलंय.

बरं, मेसेजमध्ये तीळभर खरं आहे, ते कबूल करतो. 2003 च्या डिसेंबरात कर्नल 2.6 आला तेव्हा मॉड्यूल चढवायची पद्धतच बदलली होती. ते काम करणारं जुनं मॉडयुटिल्स चालेना, त्याच्या जागी मॉड्यूल-इनिट-टूल्स घ्यावंच लागलं. 2011 मध्ये 2.6 वरून थेट 3.0 झालं, तर काही प्रोग्रॅम नुसता नंबर वाचूनच गडबडले, मग 3.1 मध्ये त्यांना 2.6 असा खोटा नंबर दाखवायची सोय करावी लागली. आणि कर्नलबाहेरचा ड्रायव्हर असेल, काही वायफाय कार्डांचा असतो तसा, तर तो नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. ते काम डीकेएमएस नावाचं साधन करतं.

पण "जुनी सगळी सॉफ्टवेअर बंद"? कर्नलमुळे वापरणाऱ्याचा प्रोग्रॅम मोडला तर चूक कर्नलची, यावर 2012 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सनी आपल्याच एका मेंटेनरला (कर्नलचा एक भाग सांभाळणाऱ्याला) जाहीर झापलं होतं.

जुना कर्नल उडवायचं तर नावच काढू नका. नवा रुसला तर ग्रबच्या, म्हणजे पीसी सुरू होताना कर्नल निवडायच्या, मेन्यूतून तोच उठवायचा असतो.

मेसेज टाकणारा आमचाच मावसभाऊ निघाला. त्याला विचारलं, "तू करून बघितलास का बे?" म्हणे, "माझ्याकडे विंडोज आहे."