बुटाच्या सोलबद्दल फिरणारा तो मेसेज

गेल्या महिनाभरात पाच-सहा गिऱ्हाइकांनी मला मोबाइलवर एकच मेसेज दाखवला. 'बूट घेताना फसू नका' असं त्याचं शीर्षक. त्यात ठासून सांगितलेल्या गोष्टी चार. सोल जितका जड तितका टिकाऊ. कमी वापरलेला बूट वर्षानुवर्षं नवाच राहतो, आणि न वापरता सोल फुटला तर कंपनीने भेसळ केली असं समजा. नक्षी खोल असली की ओल्यात पाय घसरत नाही. आणि चामड्याचा सोल सोडला तर बाकी सगळं प्लास्टिक, म्हणजे पायाला विष. मी वीस वर्षं सोल बदलण्याचं काम करतो. असल्या सल्ल्यावर विसंबून लोकांचे पैसे जातात, काही जण पडून हातपाय मोडून घेतात, म्हणून हे लिहितोय.

आधी न वापरलेल्या बुटाचं बघू, कारण त्यात लोक सगळ्यात जास्त हळहळतात. डिसेंबरात एक काका आले होते. थोरल्या मुलीच्या लग्नात घातलेले काळे बूट, नंतर सहा वर्षं खोक्यात. धाकटीच्या लग्नाला काढले आणि कार्यालयाच्या पायऱ्या चढताना टाचच सुटली. मागे फरशीवर काळ्या चुऱ्याची रांग. मी अंगठ्याने सोल दाबला, तर चहात बुडवलेल्या खारीसारखा आत गेला, बोटाला चिकट काळं लागलं. वरचं चामडं मात्र कोरं करकरीत. 'एकदाच घातलेत हो,' असं काका तीनदा म्हणाले.

तो सोल पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा होता. दोन द्रव एकत्र करून साच्यात ओततात, ते फुगून फेस घट्ट होतो. हलका, मऊ आणि घासायला चिवट, म्हणून ऑफिसच्या बुटांत तो खूप चालतो. सोलसाठी बहुतेक वेळा त्याचा पॉलिएस्टर जातीचा प्रकार वापरतात. त्याच्या रेणूंच्या साखळीतले दुवे हवेतल्या बाष्पाने हळूहळू तुटत जातात. या क्रियेला हायड्रोलिसिस म्हणतात. उकाडा आणि दमटपणा जास्त असला की ती वेग घेते. बूट पायात नाही म्हणून ती थांबत नाही, माळ्यावरच्या बंद खोक्यातही चालूच राहते. यात भेसळ कुठेच नाही, तो त्या मालाचा स्वभाव आहे. पॉलिइथर जातीचं पीयू पाण्याला जास्त दाद देत नाही, पण सोलमध्ये ते कमी दिसतं.

मुंबई-कोकणात बूट प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवतात, त्याने दमटपणा आतच कोंडतो. सिलिका जेलची पुडी एकदा ओल पिऊन भरली की तिचा उपयोग संपला. बूट उघड्यावर, वारा लागेल असे ठेवा आणि अधूनमधून घाला. सेलमध्ये घेताना खोक्यावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचा. चार वर्षं गोदामात पडलेला पीयूचा जोड निम्म्या किमतीतही मी घेणार नाही.

ट्रेकवाल्यांना तर माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या बुटाचा खालचा दातेरी थर रबराचा असतो आणि तो धड दिसतो. पण त्याच्या वरचा मधला थर बऱ्याच बुटांत पीयूचा असतो. तो विरला की अख्खा तळ एका झटक्यात सुटून येतो, तोही घाटात उतरताना. दोन-तीन पावसाळे कपाटात काढलेला बूट गडावर नेण्याआधी बाजूने अंगठा दाबून बघा, वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या तर नेऊ नका.

आता वजन. सोल जड होतो तो बहुधा भरीव पीव्हीसी प्लास्टिकमुळे, नाहीतर रबरात घातलेल्या भरतीमुळे. रबराच्या स्वस्त मिश्रणात खडूची भुकटी आणि चिकणमाती मिसळतात. त्याने किलोमागचा खर्च उतरतो, वजन चढतं आणि सोल लवकर झिजतो. रबराला खरा चिवटपणा देते ती काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक. टायर काळा असतो तो त्यामुळेच. पीयूचा सोल पाण्यावर तरंगतो इतका हलका, तरी रोजच्या चालण्यात भरतीच्या रबरापेक्षा जास्त टिकतो. उलट ईव्हीए, म्हणजे धावायच्या बुटांतला फेसाळ प्लास्टिकचा थर, हाही हलकाच, पण त्याचा फेस दाबाने बसत जातो. म्हणून धावायचे बूट वरून नवे दिसतात आणि आतून मेलेले असतात. उन्हात उभ्या गाडीत ठेवले तर आक्रसतातही. तेव्हा बूट हातात तोलून काही कळत नाही.

खोल नक्षीचा मुद्दा सगळ्यात धोक्याचा, कारण तो अर्धा खरा आहे. इटलीचे गिर्यारोहक व्हिताले ब्रामानी यांचे सहा सोबती 1935 मध्ये आल्प्समध्ये दगावले. त्यानंतर त्यांनी खोल दातांचा रबरी सोल बनवला, 1937 मध्ये त्याचं पेटंट झालं. तोच व्हिब्रम नावाचा सोल. चिखलात, भुसभुशीत मातीत, बर्फात असे दात रुततात आणि धरतात. पण बाथरूमच्या ओल्या टाइलवर रुतायला काय आहे? तिथे पाण्याचा पातळ थर बाजूला सारून रबर फरशीला टेकायला हवं. मोठ्या खोल दातांमुळे टेकणारी जागाच कमी होते. तिथे मऊ रबर आणि बारीक, दाट चिरा कामाला येतात. कातळ चढणाऱ्यांच्या बुटाला तर नक्षी नसतेच. तळ सपाट, रबर चिकट. आणि शेवाळलेल्या कातळावर कुठल्याही सोलवर भरवसा ठेवू नये. कारखान्यातल्या भावांनो, बुटावर 'तेलाने खराब होत नाही' असं लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ सोल तेलात फुगत नाही एवढाच. तेलावर तो घसरणार की नाही, याची चाचणी वेगळी असते.

राहिलं 'प्लास्टिक म्हणजे विष'. पायाला लागतो तो आतला इनसोल, खालचा सोल नव्हे. पीव्हीसी मऊ करायला वापरलेल्या थॅलेट्स नावाच्या काही रसायनांबद्दल काळजी रास्त आहे. युरोपात 2020 पासून त्यांतल्या चारांवर कडक मर्यादा आहे. लहान मुलांसाठी उग्र वासाची स्वस्त पीव्हीसी चप्पल घेऊ नका, हे मीही सांगतो. पण त्यापायी रबर, पीयू, ईव्हीए सगळ्यांना एकाच पोत्यात भरणं चूक आहे.

चामड्याच्या सोलवर माझं प्रेम आहे. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं म्हशीचं जाड कातडं, चामड्याच्याच वादीने शिवलेलं, खिळा नाही. कोल्हापुरी चप्पल पायाच्या आकाराला सरावते, उन्हाळ्यात पाय गार ठेवते. तीच जूनमध्ये रस्त्यावर घातली की तळ पाणी पितो, फुगतो, थर सुटतात आणि गुळगुळीत फरशीवर पाय जातो. पहिला पाऊस आला की ती पुसून सावलीत सुकवा, वारा लागेल अशी टांगून ठेवा, अधूनमधून बुरशी बघा, आणि पाऊस ओसरला की काढा. तोवर रबराच्या चपलेने चाला.