'हैदा' आणि ती अठरा मिनिटं

बाबांनी मुंबईच्या गोदीत फिटर म्हणून आयुष्य काढलं. गेल्या शनिवारी त्यांना कॅनडातल्या हॅमिल्टनला 'हैदा' हे जुनं जहाज दाखवायला नेलं, तर जिना चढायच्या आधीच ते धक्क्यावर थांबले आणि बाजूच्या पत्र्यावरच्या रिव्हेटांच्या ओळी बघत बसले. "एकेक तापवून मारलाय गं."

'हैदा' ही कॅनडाच्या नौदलाची विनाशिका. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला बांधलेली, ऑगस्ट १९४३ मध्ये सेवेत आलेली. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या हैदा लोकांवरून तिचं नाव पडलं. ती 'ट्रायबल' वर्गातली. या एकाच आराखड्याच्या एकूण २७ विनाशिका बांधल्या, त्यातल्या १३ दुसऱ्या महायुद्धातच बुडाल्या, बाकीच्या पुढे भंगारात गेल्या. उरली ती ही एकटी. रशियाला रसद नेणाऱ्या आर्क्टिकमधल्या काफिल्यांची राखण, मग इंग्लिश खाडी, पुढे कोरियाच्या युद्धात किनाऱ्यालगतच्या रेल्वेगाड्यांवर तोफा. कॅनडाचं सर्वांत लढाऊ जहाज म्हणतात तिला आणि ते खरंच आहे.

पण तिची गोष्ट सांगताना बुडवलेल्या जहाजांचा हिशेब आधी येतो, हे मला पटत नाही. आधी २९ एप्रिल १९४४ ची पहाट सांगायला हवी.

जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये, ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळ 'हैदा' आणि तिच्याच वर्गातली 'अथाबास्कन' यांची दोन जर्मन टॉर्पेडो बोटींशी गाठ पडली. 'अथाबास्कन'ला टॉर्पेडो लागला, मोठा स्फोट झाला. 'हैदा'ने एका जर्मन बोटीचा पाठलाग करून तिला खडकावर चढवलं आणि परत फिरली. तोवर 'अथाबास्कन' बुडाली होती. पाण्यावर तेलाचा थर आणि त्यात माणसं.

कप्तान हॅरी डीवुल्फ यांनी जहाज थांबवलं. शत्रूचा किनारा काही मैलांवर, उजाडायला आलेलं, आणि इंजिन बंद करून उभं जहाज म्हणजे आयती शिकार. त्यांच्या स्वतःच्या जहाजावर अडीचशेच्या आसपास माणसं होती. तरी ते अठरा मिनिटं थांबले. धरून वर चढायला दोरांच्या जाळ्या सोडल्या, होड्या सोडल्या. तेलाने माखलेले हात जाळीवर टिकत नव्हते. चाळीसएक जण वर आले, आणि मग निघावं लागलं. पाण्यातूनच कुणीतरी 'हैदा'ला निघून जा म्हणून ओरडलं, तो आवाज 'अथाबास्कन'चे कप्तान जॉन स्टब्ज यांचा होता असं मानतात. स्टब्ज वाचले नाहीत. एकूण १२८ जण गेले, ८३ जर्मनांच्या कैदेत पडले. 'हैदा'ची एक मोटरहोडी मागे राहिली होती. तिने 'अथाबास्कन'चे सहा खलाशी उचलले आणि इंग्लंडची वाट धरली. ते वाचले.

डीवुल्फ पुढे व्हाइस ॲडमिरल झाले, नौदलाचे प्रमुख झाले. आणखी थांबायला हवं होतं का, की मुळात थांबायलाच नको होतं, असा वाद घालणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन, एकदा त्या डेकवर उभं राहून बघा. माझ्या मते थांबणंही बरोबर होतं आणि निघणंही. दोन्ही निर्णय एकाच माणसाने अर्ध्या तासाच्या आत घेतले.

सेवेतून काढल्यावर ती भंगारातच जायची. टोरांटोच्या पाच जणांनी खटपट करून ती सरकारकडून विकत घेतली, १९६४ मध्ये टोरांटोला ओढत आणली. पुढे २००३ मध्ये हॅमिल्टनला आली. कॅनडाने सगळंच जपलं असंही नाही. त्यांची विमानवाहू 'बोनाव्हेंचर' तैवानला तोडली गेली. ती आपल्या जुन्या 'विक्रांत'च्या वर्गातली. आणि 'विक्रांत' २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखाना भागात, जुनी जहाजं तोडतात तिथे, तुटताना बाबांनी पाहिली आहे. त्या दिवशी ते घरी येऊन जेवले नव्हते. म्हणून सांगते, अशी जहाजं ठेवायला पैसा लागतो तर लागू दे. पुस्तकात वाचलेलं 'जाळी सोडली' मला तिथे उभं राहीपर्यंत कळलं नव्हतं.

निघताना बाबा कठड्यापाशी गेले. खाली वाकून पाण्यापासून डेकपर्यंतची उंची नजरेने मोजली.

"तेलकट हातांनी एवढं चढायचं?" म्हणाले, आणि बराच वेळ तिथून हलले नाहीत.