कवळी उकळायला सांगणाऱ्या शहाण्यास

माझी आत्ती कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहते. वय ७९. गेल्या आठवड्यात गेलो तर दुधात भाकरी कुस्करून खात बसलेली. कवळी कुठाय म्हटलं, तर स्टीलच्या डब्यातून काढून दाखवली. एका बाजूनं उचललेली, पार पिळवटलेली. भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलं होतं म्हणे, म्हणून उकळली.

ते फॉरवर्ड मला आतापर्यंत तीन ग्रुपवर आलंय. म्हणणं असं: कवळी ज्या द्रवापासून करतात तो पेट्रोलसारखा पेटतो, तो लाळेत उतरून कॅन्सर होतो, अमेरिकेत त्यावर बंदी आहे, विष निघावं म्हणून कवळी दहा मिनिटं उकळा, आणि सैल झाली तर डॉक्टरला पैसे कशाला, पावडर-लिक्विड आणून घरीच तोंडात भरून घ्या. राजारामपुरीतल्या कवळ्या करणाऱ्या लॅबमध्ये हेच पावडर-लिक्विड कालवत माझी २२ वर्षं गेली, तेव्हा जरा माझंही ऐका.

पेटतो, हे खरं आहे. ते लिक्विड म्हणजे मिथाइल मेथॅक्रिलेट, आम्ही मोनोमर म्हणतो. साधारण १० अंशांनाच त्याची वाफ ठिणगी पकडते, म्हणजे कोल्हापुरात बारा महिने. वाफ हवेपेक्षा जड, खाली जमिनीलगत पसरते. पण कवळी म्हणजे मोनोमर नव्हे. त्याचे सुटे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या झाल्या की त्याचा पॉलिमर होतो. वास नाही, उडणं नाही, कडक वस्तू. उसाचा रस आणि गुळाची ढेप एकच म्हणाल का? आणि ढेप निदान पाण्यात विरघळते, ही तेवढीही विरघळत नाही.

कॅन्सरचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९४ साली या मोनोमरला तिसऱ्या गटात टाकलं. म्हणजे माणसाला कॅन्सर करतो असं ठरवण्याइतका पुरावा नाही. हे खुद्द लिक्विडबद्दल, कवळीबद्दल तर नाहीच. आत्तीचा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदलला, तो ज्या सिमेंटनं बसवला तेही याच जातीचं पावडर-लिक्विड. १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं, तेही याच प्लास्टिकचं. गुडघ्यातलं चालतं आणि तोंडातलं विष?

एक गोष्ट मात्र नाइलाजानं कबूल करतो. साखळीत न अडकलेला थोडा मोनोमर कवळीत राहतोच. उष्णतेनं शिजवलेल्या कवळीत फार थोडा, न शिजवता आपोआप घट्ट होणाऱ्या, म्हणजे कोल्ड क्युअर कवळीत त्याहून बराच जास्त. एखाद्याला त्याची ॲलर्जी असते, हिरड्या चुरचुरतात. म्हणून नवी कवळी एक-दोन दिवस साध्या पाण्यात ठेवून मग द्यावी. साध्या पाण्यात. उकळत्या नव्हे.

अमेरिकेची बंदी? नकली नखं बनवायला शुद्ध मोनोमर वापरत, त्यावर तिथल्या औषध खात्यानं १९७० च्या दशकात कारवाई केली. कवळीचा संबंध नाही.

आता उकळणं. कोणी म्हणेल, लॅबमध्ये तुम्हीही गरम पाण्यातच शिजवता की! शिजवतो, पण प्लास्टरमध्ये गाडून, फ्लास्क म्हणजे पितळी साच्यात दाबून. तेही आधी ७४ अंशांवर निवांत, मगच उकळीला. घाई केली तर आतला मोनोमर १०१ अंशांच्या आसपास उकळतो आणि कवळीत बुडबुडे राहतात. घरच्या पातेल्यात तिला धरून ठेवणारं काहीच नसतं. मऊ होते, वाकते, आणि थंड झाली की तशीच राहते.

आणि शेवटचा सल्ला वाचून तर डोकंच फिरलं. ‘पेटतो’ म्हणून घाबरवणारा हा माणूस चार ओळींनी तीच बाटली गॅसच्या ओट्याशेजारी आणायला सांगतो! वर म्हातारीच्या तोंडात कच्चा मोनोमर. घट्ट होताना तो तापतो, हिरडी भाजते. एखाददुसरा दात शिल्लक असेल तर त्याच्या खाचेत जाऊन कडक होतो, मग डॉक्टरला कवळी कापूनच काढावी लागते. नीट बसली असं वाटलं तरी चावा उंचावतो, म्हणजे वरखालचे दात नीट मिटत नाहीत, आणि जखमा होतात. सैल कवळी भरणं याला आम्ही रिलायनिंग म्हणतो, ते माप घेऊन करायचं काम आहे.

खरी काळजी कोणाची करायची असेल तर लॅबमधल्या पोरांची करा. बोटांनी डो, म्हणजे पावडर-लिक्विडचा गोळा, मळून मळून कातडी फाटते, आणि रबरी हातमोजे घातले तरी मोनोमर काही मिनिटांत आरपार येतो. एक्झॉस्ट फॅन लावायला मालकांना वर्षं लागतात. बाटली तपकिरी असते आणि थंडाव्यात ठेवायची असते, कारण उजेडानं-उन्हानं लिक्विड आपोआप घट्ट व्हायला लागतं. ती पत्र्याच्या छपराखाली ठेवलेली मी स्वतः पाहिली आहे. यावर फॉरवर्ड कोण काढतो?

आत्तीचं नवं माप सोमवारी घेतलं. ट्रायल शुक्रवारी आहे, तोवर तांबड्या रश्श्यात भाकरी भिजवून चाललंय.